मी बाबांना विचारलं

एवढंच वाक्य होतं. आठवीच्या घटक चाचणीत मी ते इंग्रजीत भाषांतर करायला घातलं होतं, सगळ्यांना जमावं म्हणून मुद्दाम सोपं. नेरूरच्या बाजूने चालत शाळेत येणाऱ्या एका मुलाने लिहिलं, ‘आय थॉट माय फादर.’ मी लाल शाईने काट मारली, बाजूला ‘आस्क्ड’ लिहिलं आणि पुढचा पेपर ओढला. पेपर परत दिले त्या दिवशी तो मधल्या सुट्टीत टेबलाशी आला. ‘बाई, थिंक म्हणजे विचार करणे ना? मगे थॉट म्हणजे विचारलं.’ मी म्हटलं, ‘विचार करणं वेगळं रे, विचारणं वेगळं.’ तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. ‘शब्द तर एकच आसा, बाई,’ म्हणाला आणि जाग्यावर जाऊन बसला.

त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. कुडाळात नोकरीचे शेवटचे दिवस काढून मी निवृत्तही झाले. पण सकाळी चुलीवर पाणी ठेवून मागीलदारी बसले की तो मुलगा कधी कधी समोर उभा राहतो. इंग्रजीच्या हिशेबाने त्याचं वाक्य चूक होतं, त्यात शंका नाही. मराठीच्या हिशेबाने मात्र त्याने जे पाहिलं ते मी पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं भाषा शिकवूनही हा शब्द मी कधी उलटून बघितला नव्हता.

विचार हा शब्द आला ‘चर्’ या धातूवरून. चर् म्हणजे फिरणं, हिंडणं. रानात गुरं चरतात तेही तेच. मन एखाद्या गोष्टीभोवती फिरतं, इथे तोंड घालतं, तिथे थांबतं, पुन्हा मागे येतं, तो विचार. इथवर सगळ्या बहिणी-भाषा आपल्याबरोबर आहेत. गुजरातीत ‘विचारवुं’ म्हणजे विचार करणं, हिंदीतल्या ‘विचारना’चाही अर्थ तोच. दुसऱ्याला प्रश्न करायचा तर त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, ‘पूछना’, ‘पूछवुं’. आपल्याकडेही तो होता. ‘पुसणे’. ओव्यांत आहे, अभंगांत आहे, ‘विचारपूस’ या जोडशब्दात शेपटासारखा अजून लागलेला आहे. पण रोजच्या बोलण्यात आज आपण जमीन पुसतो, पाटी पुसतो. माणसाला पुसत नाही, विचारतो. मनात हिंडण्यासाठी असलेलं क्रियापद मराठीने उचललं आणि दुसऱ्याच्या दारात नेऊन उभं केलं. आमच्या मालवणीत ते ‘इचारणा’ झालं. पलीकडे गोव्याच्या कोकणीतही ‘विचारप’ म्हणजे प्रश्न करणंच.

संतांच्या मराठीत ‘विचारून पाहणे’ म्हणजे स्वतःशी विचार करून पाहणं. तेच शब्द आज आपण वापरतो तेव्हा समोरच्याला घराबाहेर पाठवतो. ‘एकदा विचारून बघ ना त्यांना.’ शब्द तोच, फक्त मधे कुठेतरी उंबरठा ओलांडला गेला.

आणि त्यानंतर त्या शब्दाला किती फांद्या फुटल्या! ‘म्हातारपणी विचारणारं कुणीतरी हवं.’ इथे प्रश्न कुठला आहे? प्रश्न नाहीच. जवळ बसणारं, पाणी हवं का म्हणणारं माणूस हवं, एवढाच अर्थ. ‘त्या घरात तिला कुणी विचारीत नाही’ या एका वाक्यात एखाद्या बाईचं सगळं आयुष्य मावतं. विचारणं म्हणजे दखल घेणं, काळजी घेणं, मान देणं. लग्नाच्या घरी रुसलेला आतेभाऊ ‘माका कोणी इचारूक नाय’ म्हणतो तेव्हा त्याला माहिती नको असते. मंडप कुठे घालायचा याचं त्याला ज्ञान नसेलही. ठरवताना आपल्याला त्यात धरलं नाही, हे त्याचं दुःख असतं, आणि मला ते दुःख खरं वाटतं.

इंग्रजी शब्दाचं पोट उघडून बघितलं तेव्हा मात्र मी चकित झाले. तिथेही ‘थिंक’ एकटा राहत नाही. ‘थिंक’ आणि ‘थँक’ हे एकाच कुळातले. जुन्या इंग्रजीत ज्याला आज आपण थँक म्हणतो त्याचा मूळ अर्थ होता विचार. मग एखाद्याविषयीचा चांगला विचार, आणि त्यातून कृतज्ञता. एखाद्याचं भलं मनात आलं, ते तोंडाने बोललं की आभार झाले. जर्मन भाषेत आजही ‘डेंकेन’ म्हणजे विचार करणं आणि ‘डांकेन’ म्हणजे आभार मानणं, हे दोघे शेजारी शेजारी नांदतात. इंग्रज माणसाचे आभार मानले तर तो कधी म्हणतो, ‘थिंक नथिंग ऑफ इट.’ त्याचा विचारही करू नका. वाक्य शिष्टाचाराचं, पण त्यात दोन जुने भाऊ नकळत पुन्हा भेटतात. आणि ‘थॉटफुल’! मी वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर ‘थॉटफुल म्हणजे विचारी’ असं लिहिलं. ते अर्धंच होतं. मराठीतला विचारी माणूस म्हणजे सारासार बघणारा, घाई न करणारा. इंग्रजीत आजाऱ्याला न सांगता पेज आणून देणारी शेजारीणही थॉटफुल. म्हणजे दुसऱ्याला मनात धरणारी. तिला मराठीत नेमकं काय म्हणायचं? ‘विचारपूस करणारी’ हेच मला सगळ्यात जवळचं वाटतं. इंग्रजांनी विचारातून आभार काढले, आपण विचारातून चौकशी काढली. दोघांनीही विचाराला माणसाकडे पाठवलं.

वाक्प्रचार शिकवताना मुलांना मजा यायची. ‘थिंक ट्वाइस’ म्हटलं की मागच्या बाकावरून आवाज यायचा, ‘बाई, दोनदाच?’ कारण आपल्याकडे दहादा विचार करतात, शंभरदाही करतात. ‘थिंक अलाउड’ समजावायला मला कधीच कष्ट पडले नाहीत. मी सांगायचे, घरी आजी मासे कापताना एकटीच काय बोलत असते? ‘ह्याका तिरफळां घालूची, त्याका सोलां, झील येतलो तर वायच जास्त करूक व्हया.’ तेच ते. ‘थिंक बेटर ऑफ इट’ मात्र मुलांना नेहमी फसवायचं. शब्दशः बघितलं तर अधिक चांगला विचार करणं, पण अर्थ होतो मनातला बेत सोडून देणं. जो विचार आपल्याला थांबवतो तो अधिक चांगला, असं त्या भाषेने मानलं, हे मला आवडतं.

आता ‘आय थिंक’कडे येते. कुडाळ स्टेशनवर कोकणकन्येची वाट बघत बसलं की शेजारच्या बाकावरून ऐकू येतं, ‘आय थिंक, गाडी लेट आसा.’ मुलं किती सहज बोलतात ते. मी त्याला नावं ठेवत नाही. भाषा अशीच वाढते. मला फक्त त्या दोन शब्दांच्या जागी पूर्वी जे होतं ते आठवतं. ‘माका वाटता.’ फरक बारीक आहे पण तो बघण्यासारखा आहे. ‘आय थिंक’ मध्ये मी कर्ता. विचार मी करतो, तो माझा, त्याचा मालक मी. ‘मला वाटतं’ मध्ये मी कर्ता नाहीच. मला भूक लागते, मला थंडी वाजते, तसं मला वाटतं. ते माझ्याकडे येतं. आलं तसं जाईलही. उद्या वेगळं वाटेल. गोव्यात म्हणतात ‘म्हाका दिसता’, म्हणजे मला दिसतं. मी जिथे उभी आहे तिथून एवढं दिसतं, तुम्ही जिथे आहात तिथून दुसरं दिसत असेल. मत मांडतानाच समोरच्यासाठी जागा ठेवलेली आहे.

आणि इंग्रजीतही हे होतं, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. जुन्या इंग्रजीत दोन क्रियापदं होती, दिसायला सारखी. एक विचार करण्याचं, दुसरं वाटण्याचं, भासण्याचं. दुसऱ्याबरोबर ‘मी’ येत नसे, ‘मला’ येत असे. पुढे दोन्ही घासून घासून एकच झाली आणि ‘थिंक’ उरला. वाटण्याच्या त्या जुन्या क्रियापदाचा एक तुकडा शेक्सपिअरच्या नाटकांत सापडतो, ‘मेथिंक्स’. ‘हॅम्लेट’मध्ये राणीच्या तोंडी आहे. म्हणजे मला वाटतं. अगदी आमच्यासारखं, ‘मला’ पुढे करून. त्यांचा तो शब्द आता जुन्या पुस्तकांत राहिला. आमचा अजून रोजच्या तोंडात आहे.

वाटण्यावरून आणखी एक मनात येतं. मालवणी घरात सकाळी जेवणाची तयारी सुरू होते ती वाटपापासून. खोबरं, कांदा, धणे, मिरची. भाजून पाट्यावर घेतलं की वरवंट्याचा आवाज परसापर्यंत यायचा. आई वाटायला बसली की म्हणायची, ‘मी वाटतंय,’ आणि त्याच दमात माझ्या एखाद्या प्रश्नावर, ‘माका वाटता, जाव नको.’ मी वाटते आणि मला वाटते. दोन निरनिराळी क्रियापदं. त्यांना वेगळं करणारा प्रत्यय तेवढा ‘ला’चा. तरी मला ती आईच्या हातात एकत्रच आठवतात. ती उत्तर लगेच कधी द्यायची नाही. वरवंटा दोन-चार वेळा पुढे मागे जायचा, पाण्याचा हबका बसायचा, मग उत्तर यायचं. आता मिक्सर आहे. त्याच्या आवाजात कुणी काही विचारत नाही आणि मीही बोलत नाही. वाटप मात्र दोन मिनिटांत होतं.

आमच्या भागात विचारण्याची सगळ्यात मोठी रीत देवळात आहे. गावकीचा काही प्रश्न असला, पेरणीचा, वादाचा, देवळाच्या कामाचा, की देवाला विचारतात. ‘कौल लावतात.’ पाषाणाला पाण्याने कळे चिकटवायचे आणि बघत राहायचं, उजवा पडतो की डावा. शेजारच्या मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीची गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. भराडी देवीच्या जत्रेला लाखो माणसं येतात, पण तिची तारीख पंचांगात छापलेली नसते. देवीला विचारून ती ठरते. तारीख ठरली की मुंबईपर्यंत फोन जातात, रजा टाकल्या जातात, रेल्वे जादा गाड्या सोडते. एवढा मोठा कारभार, आणि सुरुवात एका विचारण्याने.

कौलावर कुणाचा किती विश्वास असावा हे मी सांगणार नाही. मला त्यात दुसरंच काही दिसतं. कौल लावण्याआधी प्रश्न शब्दांत मांडावा लागतो, तोही चारचौघांत, मोठ्याने. मनात घोळत असलेलं अर्धवट काहीतरी तिथे चालत नाही. मानकरी उभे असतात, सगळे ऐकत असतात. आणि मग गाऱ्हाणं. एकजण गावाच्या वतीने मागणं घालतो, सगळ्यांची नावं घेतो, मुंबईला गेलेल्यांना धरतो, वाट चुकलेल्यांना धरतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ मी लहानपणी त्या आवाजाला घाबरायचे. आता ऐकते तेव्हा गळा भरून येतो. एका माणसाने केलेला विचार सगळ्यांचा होतो तो त्या ‘व्हय’ मध्ये.

मग एकांतात विचार करणाऱ्याचं काय? हा प्रश्न मी स्वतःलाच पुष्कळदा केला आहे, कारण मी स्वतः तशी एकटी बसणारी. रोदँचा तो प्रसिद्ध पुतळा आहे, ‘थिंकर’, हनुवटीखाली हात घेऊन वाकून बसलेला. त्याच्या जवळ कुणी नाही, आणि त्याला कुणी नकोही असावं असं वाटतं. आणि आमच्या कुडाळातही असा एक माणूस राहून गेला. चिं. त्र्यं. खानोलकर, कवितेत आरती प्रभू. इथे त्यांची खानावळ होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाढायचं, हिशेब ठेवायचा, आणि त्याच दिवसांत ती कविता लिहायची. १९५९मध्ये ते मुंबईला गेले, १९७६मध्ये गेलेच. पुढे ‘नक्षत्रांचे देणे’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण तो १९७८मध्ये, ते नसताना. बाजारातून जाताना मला कधी कधी त्यांची आठवण येते. पाच माणसांना विचारून अशी कविता होत नाही. तिथे कुणाचा कौल लागत नाही. तसा विचार एकट्यानेच करावा लागतो, आणि त्याची किंमतही एकट्याने मोजावी लागते.

पण प्लेटोने ‘थिएटेटस’ या संवादात सॉक्रेटिसच्या तोंडून विचाराची जी व्याख्या दिली आहे, ती वाचल्यापासून माझी ही अडचण थोडी सुटली. विचार म्हणजे आत्म्याने स्वतःशीच केलेलं बोलणं, असं तो सांगतो. आत्मा स्वतःला प्रश्न विचारतो, स्वतःच उत्तर देतो, हो म्हणतो, नाही म्हणतो. चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत सांगितलेली ही गोष्ट मराठीला सांगायची गरजच नव्हती. तिच्या क्रियापदातच ती होती. एकटा बसलेला माणूसही कुणालातरी विचारत असतो. विचारणं थांबलं की उरतं ते नुसतं घोळवणं. रात्री दोन वाजता आपण जे करतो ते. त्याला आपण विचार म्हणतो खरे, पण त्यात प्रश्नच नसतो, तेच तेच गिरवणं असतं. त्यासाठी मराठीने निराळा शब्द राखला आहे, ‘चिंता’. कोकणीत ‘चिंतप’ म्हणजे साधं विचार करणं, आपल्याकडे त्याच धातूपासून चिंतनही झालं आणि काळजीही.

हे सगळं मी आज का लिहिते आहे? गेले पंधरा दिवस मी एका फणसाचा विचार करते आहे. मागच्या अंगणातला जुना फणस, कापा. त्याची एक मोठी फांदी घराकडे कलली आहे आणि तिचा भार कौलांवर येऊ लागला आहे. पाऊस तोंडावर आला. फांदी तोडावी की झाडच काढावं? माणूस येऊन बघून गेला, पैसे सांगून गेला. मुलाने मुंबईहून फोनवर सांगितलं, ‘आई, आय थिंक, काढूनच टाक.’ त्याचं चुकलं नाही, त्याला माझी काळजी. मीही कागदावर जमाखर्च मांडला, रात्री कूस बदलत राहिले, एक दिवस काढायचं ठरवलं, दुसऱ्या दिवशी मोडलं. आणि आज पहाटे तो नेरूरचा मुलगा पुन्हा समोर आला. शब्द तर एकच आसा, बाई.

तो फणस माझ्या थोरल्या दिरांनी लावला होता. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचं घर गडग्यापलीकडे, तिथे थोरल्या जाऊबाई असतात. त्यांच्या खळ्यातून तो फणस दिसतो. सकाळी त्या तुळशीला पाणी घालतात तेव्हा समोर तोच असतो. पंधरा दिवस मी सगळा विचार केला आणि त्यांना विचारलं नाही. झाड माझ्या हद्दीत आहे, सातबारा माझ्या नावावर आहे, म्हणून विचारायची गरज नाही असं मनात कुठेतरी धरलं होतं.

चुलीवरचं पाणी तसंच ठेवून मी उठले. गडग्याच्या फटीतून गेलं की चार पावलं. त्या खळ्यात बसून आमसुलं वाळत घालत होत्या. मला बघून हात थांबला.

‘काय गो, सकाळीच?’

‘वैनी,’ मी म्हटलं, ‘तुमका इचारूक इलंय.’

त्यांनी सूप बाजूला सरकवलं आणि बसायला पाट पुढे केला.